खिडकीतली कुंडी

“बाई, उद्यापासून मी येत नाही.” काकांनी ब्रेलचं पुस्तक मिटलं. “तीस वर्षं कुदळ-खुरपं धरून ही बोटं दगड झालीत. तुमचे ठिपके या जन्मी काही मला लागायचे नाहीत.”

गेल्या वर्षी डोळे जाईपर्यंत काका सार्वजनिक बागेत माळी होते. तीन महिने घाम गाळला, पण एक अक्षर हाती लागेल तर शपथ! घरी नातीला मात्र मोठ्या तोंडानं सांगून बसले होते, “आता मीच तुला गोष्ट वाचून दाखवणार.” आता कुठल्या तोंडानं घरी जायचं?

बाई जन्मापासून आंधळ्या. समजूत घालत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “बरं,” त्या म्हणाल्या. “जाताना तेवढं खिडकीतल्या कुंडीत पाणी घाला. जपून हं, फार नाजूक झाड आहे.”

काका चाचपडत खिडकीशी गेले. माती ओली झाली का ते बघताना मनगटाला पान घासलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं आणि खो खो हसत सुटले.

“अहो बाई, हे तण आहे तण! पिवळ्या फुलाचं, काटेरी. जन्मभर उपटत आलो मी हे. कोणी गळ्यात मारलं तुमच्या?”

“आपलं आपणच उगवलं. हाताला बरं वाटलं, म्हणून ठेवलं. पण काका, तुम्हाला कळलं कसं?”

“न कळायला काय झालं? पानावर बारीक बारीक फोड असतात, अन् प्रत्येक फोडावर एकेक ताठ...”

काका बोलता बोलता थांबले. बोट पुन्हा पानावर टेकवलं, हळूहळू पुढे सरकवलं. एक फोड, त्यावर केस. शेजारी त्याहून लहान. मग थोडी मोकळी जागा. मग दोन, अगदी चिकटून. काठापासून काठापर्यंत पान नुसतं भरलेलं.

“अरे देवा! मुठी मुठी उपटून टोपलीत फेकलं हो मी. धड डोळे होते तेव्हा एकदासुद्धा पाहिलं नाही. एवढं सगळं होतं यावर?”

खाली काकांना न्यायला आलेल्या सुनेच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा.

“तणच आहे म्हणता,” बाई म्हणाल्या, “तर मग जाता जाता उपटून टाका.”

“खबरदार!” काका केवढ्यानं ओरडले. एका हातानं त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली. दुसरा पानावरून हलला नाही. “आणि तिला म्हणावं, थांब जरा. म्हणावं, बाबा वाचतायत.”