हात हलवू नका

"वहिनी, हात हलवू नका," चांगदेव म्हणाला, आणि मालूने श्वाससुद्धा रोखून धरला.

नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यातला रविवार. डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर, चांगदेवच्या कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि त्याचा मोबाइल मालूच्या हातात. घरचा फोन लागायला अजून अवकाश होता, म्हणून हा बिनतारी उद्योग. मोबाइलच्या डोक्यावर लाल काचेची एक टिकली होती, तशीच लॅपटॉपच्या पाठीला. दोन्ही टिकल्या वीतभर अंतरावर समोरासमोर राहिल्या तर मोबाइलमधलं इंटरनेट लॅपटॉपमध्ये उतरायचं. नजरानजर तुटली की सगळं पहिल्यापासून. रेंज फक्त शीळफाट्याकडच्या खिडकीत, त्यामुळे टेबल तिथे ओढलेलं आणि मालू खिडकीला टेकून उभी. पडदा दिराला आणि सासूला दिसत होता, तिच्या वाट्याला नुसतं झाकण.

त्याचं तिला काही नव्हतं. मेल मस्कतला, तिच्या नवऱ्याला, आनंदला जाणार होता. गेल्या खेपेला तो म्हणाला होता, तुझ्या व्हिसाचं बघतो. पासपोर्ट काढून कपाटात पडला होता. सकाळी सासूबाई, हौसाबाई, आपणहून म्हणाल्या, तूच धर गं, तुझा हात स्थिर. तेव्हापासून मालूने गजरा माळायचा तेवढा बाकी ठेवला होता.

लॅपटॉपमधली ती टिकलीची सोय कुठल्याशा सेटिंगच्या पोटात बंद पडून होती. चांगदेवने बराच वेळ इकडेतिकडे टिचक्या मारल्यावर ती एकदाची सापडली. पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटली, मोबाइलने नंबर फिरवला.

"पाठवायच्या आधी एकदा वाचून दाखव," हौसाबाई म्हणाल्या.

चांगदेवने वाचलं. आवाज खाली आणला नाही. मोबाइलच्या स्टँडसमोर कोण आणतो? कल्याणचं स्थळ जमत आलं आहे. मुलगी नर्स, मंजुळा नाव, मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की. फोटो जोडला आहे. तिचे वडील तुझा लेखी होकार मागतात आणि संध्याकाळी बोलणीला येताहेत, तेव्हा फोटो बघून लगेच कळव. घटस्फोटाचे कागद वकिलाकडे तयार आहेत.

"आणि हिचं लिहिलंस ना?"

"लिहिलंय की. मालू सही करेल. ती इथेच राहील, आईजवळ. तिला कोण घालवतंय."

"हां. नाहीतर तो माझ्याच काळजीने नाही म्हणायचा."

चांगदेवने बटण दाबलं. मालूचा हात आपोआप खाली आला. लॅपटॉप टुक करून गप्प झाला.

"कट झालं. वहिनी, जरा वर."

सांगितलं की करायचं, ही सवय. हात वर गेला. टिकलीसमोर टिकली आली, नंबर पुन्हा फिरला. फोटो जड होता, वरून खाली इंचाइंचाने सरकत होता, आणि चांगदेव मॅचची कॉमेंटरी द्यावी तशी खबर देत होता. निम्मा गेला म्हणाला तेव्हा मालूने मनगट तीळभर वळवलं. टुक.

मग लॅपटॉप बंद करून चालू केला. काच रुमालाने पुसली. उन्हाने बिघडत असेल म्हणून खिडकीचा पडदा ओढला. मोबाइलची बॅटरी काढून फुंकर मारून बसवली. प्रत्येक वेळी मंजुळा कमरेपर्यंत जायची आणि परत यायची. हौसाबाईंनी चांगदेवच्या साहेबाचा उद्धार केला. एवढं चांगलं असतं तर तो तुझ्या गळ्यात कशाला बांधता, म्हणाल्या.

मालूच्या दंडाला कळा लागल्या होत्या, पण हात सोडवत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्या मनाने अडलेली ही पहिलीच गोष्ट. संध्याकाळपर्यंत अडली तर? होकार नाही म्हटल्यावर कल्याणवाले दुसरं घर बघतील. नर्स मुलीला काय तोटा? तिला एवढा धीर आला की ती चक्क बोलली.

"टॉवरचंच काहीतरी असेल, भावोजी. आज राहू दे."

चांगदेवने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, कीव होती.

"तुमचं काही चुकत नाही, वहिनी. माणसाचा हात आहे, हलणारच. आई, एवढ्या उंचीचं काही आहे का? जरा जड."

हौसाबाईंना आठवायला वेळ लागला नाही. "देव्हाऱ्याखालचं पितळेचं माप आण गं. आणि भरून आण, रिकामं डगमगेल."

मालू आत गेली. लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर तिने हेच माप उजव्या पायाने लवंडलं होतं. सांडलेले तांदूळ दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी तिच्याकडूनच वेचून घेतले होते. आता तिने ते शिगोशीग भरलं, हाताने दाबून बसवलं. कमी भरलं असतं तर हललं असतं, हे तिला सुचलं ते डब्याचं झाकण लावल्यावर.

चांगदेवने मोबाइल तांदळात किंचित रोवला. या वेळी कुणाला काही सांगावं लागलं नाही. गळा गेला, कंबर गेली, पाऊल गेलं.

"गेला," चांगदेव म्हणाला.

"बघ. उगाच हिला ताटकळत ठेवली." हौसाबाईंनी पदराने मान पुसली आणि त्या मालूकडे वळल्या. "त्याचं उत्तर येईपर्यंत मापाला हात लावू नकोस. मग तेच तांदूळ शिजायला टाक. कल्याणची माणसं जेवूनच जातील."