मावशीकडे जाणारा ट्रक

सकाळपासून तिसऱ्यांदा भूकंपमापकाची सुई कागदाच्या कडेवर जाऊन आपटली, तेव्हा प्रिहांतोने आईला हाक मारली.

“आई, कपडे भर. भाजीचा ट्रक तासाभरात खाली जाईल. त्यात बसून मावशीकडे जा.”

आई सोयाबीनचं तेम्पे तळत होती. अकरा वर्षं ती मुलाबरोबर ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या ह्याच चौकीत राहत होती. यंत्राच्या कागदावरची रेघ तिला वाचता येत नसे, पण मुलाचं तोंड बरोबर वाचता येई.

“डोंगर?” तिने विचारलं.

“माझी शपथ आहे तुला. गावात डोंगराचं नावसुद्धा काढायचं नाही.”

“आणि गाव?”

प्रिहांतो कागदाकडे वळला. काय बोलणार कपाळ! मागच्या वर्षी वरून हुकूम यायच्या आतच त्याने सारं गाव खाली हलवलं होतं आणि सेंदाना डोंगर साधा खोकलासुद्धा नाही. छावणीच्या गारठ्यात वाग्योनोचा म्हातारा बाप गेला. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, धोक्याची पातळी वाढवायचा अधिकार फक्त आमचा. पुन्हा परस्पर तोंड उघडलंस तर नोकरी गेली म्हणून समज. पण नोकरीपेक्षा त्याला त्या म्हाताऱ्याची तिरडी जास्त आठवायची. पुन्हा चुकलो तर?

म्हणजे आईपुरता डोंगर खरा आणि गावापुरता खोटा. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्याने फोन लावला.

“साहेब, हादरे दुप्पट झालेत. पातळी वाढवा.”

“आकडे पाठव. दुपारी समिती बसेल.”

“समिती बसेपर्यंत डोंगर उठेल, साहेब!”

“प्रिहांतो, मागच्या वर्षीही तू हेच म्हणाला होतास.” फोन बंद झाला.

खिडकीशी वाग्योनो उभा होता, डोक्यावर गवताचा भारा. लग्नकार्यात गाँग वाजवणारा हा माणूस, जिभेनेही तसाच दणदणीत.

“काय साहेब, डोंगर जेवला का आज?”

“जेवला,” प्रिहांतो ओशाळून म्हणाला. “तू आज वाजवायला नाही गेलास?”

“सुरो महिना लागलाय. ह्यात कोण बोलावतंय? गाँगवर कोंबड्या झोपतात.” त्याने आत डोकावून पाहिलं. “काही असलं तर सांग हो. मागच्या वेळी आम्ही सगळे छावणीत, आणि तुझी आई इथे वर मजेत कोंबड्या राखत होती.”

बोलायची हीच वेळ होती. प्रिहांतोने तोंड उघडलंही. मग वाग्योनोच्या दंडावरची काळी फीत दिसली. बापाच्या दुखवट्याची. तोंड आपोआप मिटलं.

“काही नाही,” तो म्हणाला.

वाग्योनो गेला. थोड्या वेळाने खिडकीतून आई दिसली. अंगात ठेवणीतला केबाया, केसांत चमेली. एका दारी थांबली, दोन शब्द बोलली, पुढच्या दारी गेली. मग त्याच्या पुढच्या. सगळा गाव पालथा घालून ती परत आली आणि चारही कोंबड्या टोपलीत कोंबू लागली.

“बोललीस ना तू?” तो खेकसला.

“तुझी शपथ आहे, डोंगराचं अवाक्षर नाही काढलं.”

“मग इतका वेळ काय करत होतीस?”

“बायका विचारतातच, कुठे निघालात. म्हटलं, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला.”

एवढ्यात सुई पुन्हा थडथडली. प्रिहांतो कागदाकडे धावला.

“बरं केलंस,” तो पाठमोराच म्हणाला.

ट्रक आला. आईने जाताना त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो हात त्याला चटका बसल्यासारखा लागला. आज वाचणारी ह्या गावातली ही एकटीच बाई, आणि ती आपली आई!

मग खिडकीकडे पाठ करून तो यंत्रापुढेच बसून राहिला. दुपारी अडीचला फोन वाजला. “पातळी चार. गाव ताबडतोब रिकामं कर.”

प्रिहांतो फोन तसाच टाकून पळत सुटला. चौकातला इशाऱ्याचा लाकडी ठोकळा त्याने दोन्ही हातांनी बडवायला घेतला. टक टक टक टक! “निघा रे! सगळे निघा!” तळहात सोलवटले. एकही दार उघडेना. त्याने पहिलं दार ढकललं. चूल थंड. दुसरं. पाळणा रिकामा. गोठ्यांत गुरं नाहीत. वाग्योनोच्या पडवीत गाँगसुद्धा नव्हती.

त्याला काही समजेना. वेड्यासारखी त्याने मोटरसायकल उताराला सोडली. नदीपलीकडे पोचला आणि मागे सेंदाना फुटला. आवाज छातीत घुसला. राखेचा लोट बघताबघता गावावरून खाली आला.

नदीपलीकडच्या शाळेच्या मैदानावर सगळा गाव बसला होता. गुरं, पोरंबाळं, गाँग. मधोमध आई केबायाच्या बाह्या सारून भात वाढत होती.

प्रिहांतो वाग्योनोसमोर गुडघ्यांवर कोसळला.

“मला सकाळीच कळलं होतं रे. मी फक्त आईला पाठवलं. तू विचारलंस, तरी खोटं बोललो. मार मला.”

“ऊठ,” वाग्योनो म्हणाला. “आम्हाला तुझ्या आईने सांगितलं.”

प्रिहांतोने वळून पाहिलं. “आई, शपथ मोडलीस?”

“नाही मोडली. लग्नाला चालले, एवढंच म्हणाले.”

वाग्योनोने गुडघ्यावर बसलेल्या साहेबापुढे भाताचं पान सरकवलं.

“सुरो महिन्यात आख्ख्या जावा बेटावर कुणाच्या घरी लग्न लागतं रे?”