हीलरशिवाय एक डाव

रविवारी दुपारी तीन वाजता चिमणीने संगणकावर खेळ लावला आणि हेडफोन कानावर चढवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने पांढऱ्या झग्यातली बाई सोडून शेजारची तलवारवाली निवडली.

"चिमे, चुकून भलतंच दाबलंस," दादाचा आवाज आला.

"चुकून नाही. आज मी तलवार घेणार."

मास्तर फिस्सकन हसले. मास्तर आणि घुबड या दोघांना तिने कधी पाहिलं नव्हतं. दर रविवारी चौघं मिळून एक किल्ला सर करायची, तेवढीच ओळख. मास्तर ढाल घेऊन उभे राहायचे, घुबड लांबून बाण मारायचा, दादा तलवार उपसून सगळ्यांच्या पुढे धावायचा आणि ती मागे राहून तिघांच्या जखमा भरायची. हीलर. तिच्यावर कुणी ते लादलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिघांनी भराभर आपापलं घेतलं, उरलं ते तिने घेतलं. मग ते तिला जमलं आणि मग ते तिचंच झालं.

"अहो, मग आमची मलमपट्टी कोण करणार?" मास्तरांनी विचारलं.

"आज तुम्ही करा."

"छे छे. एकेकाचा पिंड असतो."

"हिचा तर हा नव्हेच," दादा म्हणाला. "मुंगी मारायची तरी हिला दहा वेळा विचार करावा लागतो. बरं, चला. होऊन जाऊ दे हीलरशिवाय एक डाव."

किल्ल्याचं दार उघडलं आणि चिमणी धावली. चष्म्याच्या कारखान्यात चौदा वर्षं काचा घासून तिची बोटं तयार झाली होती. कुठे किती दाबायचं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. तिने पहिला पहारेकरी पाडला, दुसरा पाडला, जिना चढताना तिसऱ्याला कठड्यावरून खाली ढकललं आणि तिला हसूच फुटलं. आपण मोठ्याने हसतोय हे तिला नंतर कळलं.

"अगं, काय हे!" दादा ओरडला. "जमतंय की तुला!"

मग तिने विचारून टाकलं. एरवी फोन केला की तो मीटिंगमध्ये असायचा.

"दादा, आईला तीन महिने तुझ्याकडे नेशील?"

"काय?"

"आमच्या परगावच्या मोठ्या कारखान्यात नवीन मशीन आलंय. ते शिकायला मला पाठवतायत. परत आले की अख्खा विभाग माझ्या हाताखाली. उद्या सकाळी साहेबांना हो की नाही ते सांगायचंय."

घुबडाने बाण मारणं थांबवलं. मास्तर खाकरले. पलीकडच्या खोलीत आई पडून होती. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली होती.

"आत्ता काय काढलंस हे? समोर बघ, राक्षस आला."

"बघतेय. तू सांग."

"अगं, तुझ्या वहिनीला विचारावं लागेल. मुलांच्या परीक्षा आहेत. आणि आईला तुझी सवय आहे, चिमे. तिला आमच्याकडे करमायचं नाही. तुझ्यासारखं तिचं करणं कुणाला तरी जमतं का?"

तेवढ्यात राक्षसाची गदा फिरली. मास्तर ढालीसकट कोलमडले. दुसऱ्या घावात घुबड गेला. दादाच्या नावाखालची हिरवी पट्टी सर्रकन उतरून लाल झाली.

"चिमे! अगं चिमे, मी चाललो! कर काहीतरी!"

तिचं बोट आपसूक डावीकडच्या कळीवर गेलं. तलवारवालीच्या हातात मलम नव्हतं, कळ नुसतीच वाजली. राक्षसाची पाठ तिच्यापासून दोन पावलांवर उघडी होती. एक घाव घातला असता, तर तोच पडला असता आणि जिंकणाऱ्यांत पहिलं नाव तिचं लागलं असतं. पण ती वळसा घालून धावली आणि दादाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

गदा तिच्यावर पडली आणि तिचा पडदा करडा झाला. तिच्या अंगावरून उडी मारून दादाने शेवटचा घाव घातला. नगारे वाजले.

"जिंकलो!" दादाला धाप लागली होती. "बघितलंत मास्तर? म्हटलं नव्हतं? तलवार हातात दिली तरी हिचा पिंड काही जायचा नाही."

"ताई, वाचवलंत हो त्यांना," मास्तर हळूच म्हणाले.

"दादा, उद्या सकाळी सांगायचंय मला."

"मग सांग की, या वेळी नाही जमत म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील. आणि हे बघ, पुढच्या रविवारी तुझं तेच घे बाई. जीव टांगणीला लागतो. चल, निघतो, आम्हाला बाहेर जायचंय."

एकेक नाव पडद्यावरून नाहीसं झालं. चिमणी हेडफोन मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिने फोन उचलला आणि साहेबांना एक ओळ लिहिली. उद्यापर्यंत थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं. 'घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही.' ओळ गेली. लगेच उत्तर आलं, 'ठीक आहे.' काय अडचण, हे त्यांनीही विचारलं नाही.

आईला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती. ती आत गेली, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून तिने आईला वळवलं, पाठीशी उशी लावली.

"कोण... जिंकलं?" आईने जड जिभेने विचारलं. भिंतीपलीकडून तिने चिमणीचं बोलणं ऐकलं असणार.

"दादा."

आईच्या तोंडाची हलणारी बाजू हसली. "तो... पहिल्यापासून... पुढेच."

चिमणीने तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आणि मी गं?"

आईने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता.

"तू... असतेस," आई म्हणाली.