लामाचं हाड

"चोर आहात तुम्ही! सरकारी टोपीतले चोर!"

तारेचं कुंपण गदागदा हलवत बसिलिया ओरडत होती. मागे तिच्या लोकरीच्या अल्पाका उपाशी उभ्या. आत, फाटकाशीच काचेची पेटी. पेटीत लामा या जनावराच्या पायाच्या नळीचं टोकदार हाड, विणताना धागे ठोकून बसवायचं. खाली पाटी: 'इन्का विणकरणीचं हत्यार. अंगठ्याने झिजलेली खोबण पाहा.'

"पाहा काय, पाहा! माझ्या आईचा अंगठा आहे तो!"

खोटं नव्हतं. डोंगर फोडायला खडीवाले टपले होते. इन्कांचं काही सापडलं तरच डोंगर वाचणार होता, आणि सरकारी संशोधकांना खणून खणून मिळाली होती चार खापरं. मग गावातल्या बायांनी आपापल्या मागावरची जुनी हाडं काढली, चात्या काढल्या. खोदणारे जेवायला गेले तेव्हा खड्ड्यात पुरल्या. भूमातेच्या पोटात खोटं घालायचं, तर तिची माफी मागायला हवी. म्हणून वर कोकाची पानं वाहिली.

हाडं सापडली. पानंही सापडली; त्यांचा 'प्राचीन पूजाविधी' झाला. खडीवाले परतले. बाया नाचल्या.

आणि मग कुंपण आलं. इन्कांच्या पवित्र विणकामाच्या जागी जनावरं चारायला बंदी. माग मांडायलाही बंदी.

खोदकामाचे प्रमुख, डॉक्टर सालदीवार, सरकारी टोपी सावरत फाटकाशी आले.

"मामिता, माई, घसा बसेल तुमचा."

"बसू दे! आता गावभर बोंबलते. हाडं आम्हीच पुरलीत. काढा कुंपण!"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. आवाज खाली आणला.

"ठाऊक आहे मला. पानं हिरवीगार होती."

बसिलियाने कुंपण हलवायचं थांबवलं.

"बोंबला ना," डॉक्टर म्हणाले. "कुंपण उद्या निघेल. परवा खडीची यंत्रं वर चढतील. हाड तुमच्या आईचं ठरलं, तर या डोंगराला कोण विचारतो?"

एका अल्पाकेने तारेतून मान घालून आतल्या गवताला तोंड लावलं. बसिलियाने तिला मागे ओढलं नाही.

"त्याच हाडानं आई विणायची. त्याच हाडानं मी विणलं. मेलेल्या इन्का बाईचं म्हटलं की डोंगर वाचतो, जितीचं म्हटलं की फुटतो. का? ती टोपी काढा, डॉक्टर, आणि उत्तर द्या."