करंगळीने उघडणारा ड्रॉवर

स्वयंपाकघरातला चमच्यांचा ड्रॉवर अडकायचा. बायको ओट्याला पाय लावून तो दोन्ही हातांनी ओढायची.

"अहो, त्याच्या कडेला जरा रंधा मारून द्या की."

"देतो गं. पण आधी हत्यारं हाताशी नकोत का? माझं कपाट होऊ दे."

कपाट प्लायवूडचं, खास हत्यारांच्या पेट्यांसाठी. प्रत्येक पेटीला स्वतंत्र ड्रॉवर. त्यासाठी नवी करवत आली, नवे क्लॅम्प आले, घरभर भुसा उडाला, चहावरसुद्धा भुशाची साय धरायला लागली. अखेर कपाट उभं राहिलं. ड्रॉवर इतके अलगद सरकायचे, की करंगळीने ओढावेत.

"चला, आता माझा ड्रॉवर," बायको म्हणाली.

"आता? अगं, आत्ता कुठे सगळं जागच्या जागी लागलंय. तुझ्या एका ड्रॉवरसाठी परत पसारा काढू?"



रविवारी साडू कपाट बघायला आले. "ही रंध्याची पेटी कशी चपखल बसवलीय बघा," म्हणत नवऱ्याने ऐटीत करंगळीने वरचा ड्रॉवर ओढला. आत चमचे, डाव, सुऱ्या, किसणी, सगळं कसं ओळीने मांडलेलं.

"अगं, माझा रंधा कुठाय?"

"चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय," स्वयंपाकघरातून आवाज आला. "ओट्याला पाय लावा आणि दोन्ही हातांनी ओढा. उघडतो."