पुढची खिडकी

तत्त्वासाठी माणसाने सर्वस्वावर पाणी सोडावं, असं सबनीसांचं ठाम मत होतं. भंडारदऱ्याच्या एकदिवसीय सहलीत ते तत्त्व म्हणजे बसमधली सर्वांत पुढची, खिडकीची सीट. पहाटे पाचलाच त्यांनी तिच्यावर रुमाल टाकला होता.

देवळापाशी गाइडने सगळ्यांना उतरवलं. "तू जाऊन ये," सबनीस बायकोला म्हणाले. "मी उठलो की मागचे परचुरे टपलेलेच आहेत."

मग शैलाताई खांबांवरचं कोरीवकाम बघत सावकाश हिंडल्या. तलावात पाय सोडून बसल्या. धबधब्याखाली तर चक्क भिजल्या, आणि "अगं, घसरशील!" असं कुणीही ओरडलं नाही. दर वेळी येताना त्या नवऱ्यासाठी काहीतरी आणत: प्रसाद, कणीस, गरम भजी. सबनीस खिडकीत बसून खात आणि परचुऱ्यांकडे विजयी मुद्रेने बघत.

परतताना खिडकीला डोकं टेकून ते घोरू लागले, तेव्हा गाइड हळूच म्हणाला, "काकू, सीटांना तर नंबर आहेत. काकांना सांगितलं नाहीत?"

"सांगेन की," शैलाताई केस पुसत म्हणाल्या. "घरी पोचल्यावर."

सीट एक आणि दोनची तिकिटं आठवडाभर त्यांच्याच पर्समध्ये होती.