लाटेचं वळण

"पाणी एवढं निळं नव्हतं हो," ती म्हणाली. "थोडं हिरवं घाला. शेवाळासारखं."

पेंटरने ब्रश फडक्याला पुसला आणि टोक हिरव्यात बुडवलं. "असं?"

"आता जमलं. खडकाशी आलं की पाणी हिरवं व्हायचं तिथं. विसरलात की काय?"

"विसरलोच. तू आहेस म्हणून निभतंय."

ती खुशीत हसली आणि खुर्चीत नीट सावरून बसली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूला झटका आला. चालणं सुधारलं, पण आठवणींचा मेळ बसेना. सकाळचा नाश्ता दुपारपर्यंत पुसला जाई. मुलगी नोकरी करते हेही तिला दर वेळी नव्याने कळे. तरुणपणीचे प्रवास मात्र जसेच्या तसे. दीपगृहाची टेकडी, जुना धक्का, वाळूत रुतलेली होडी. एखादा दिवस लख्ख उजाडे आणि सगळं जागच्या जागी असे, पण त्याचा काही नेम नसे.

डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना जुन्या गोष्टींबद्दल बोलतं ठेवा. त्या सांगतील ते ऐका, वाद घालू नका."

पेंटरचं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं होतं. चाळीस वर्षं अक्षरं काढली. नुसतं ऐकत बसणं हाताला जमेना, म्हणून त्याने पुढच्या खोलीत खिडकीपाशी फळी उभी केली आणि ती सांगेल तो किनारा रंगवू लागला.

आधी लाट काही केल्या साधेना. लाटेच्या जागी लोकरीचा गुंडा दिसे. मग एका दुपारी त्याने 'ळ' काढतात तसा हात वळवला आणि लाट अलगद फुटली. ती टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. तेव्हापासून निळ्याआधी पांढरा संपू लागला. फेसालाच सगळा जाई.

प्रत्येक चित्रात किनाऱ्यावर दोन माणसं असत, पाठमोरी. ती आणि तिचा नवरा.

"उंच करा," ती बजावायची. "तुमचं डोकं होडीच्या कडेच्या वर दिसायचं."

तो मुकाट्याने उंच करायचा. वरच्या मजल्यावरचे मास्तर चित्रं बघायला आले तेव्हा त्यांनी एकदा चित्राकडे आणि एकदा पेंटरकडे पाहिलं. "स्वतःला चांगलं हातभर वाढवून घेतलंत की राव!"

"बायकोच्या डोळ्यांत नवरा असेल तेवढा काढायचा," पेंटर म्हणाला. मास्तर खो खो हसले.

मुलगी दर रविवारी यायची. ती मात्र हसायची नाही. चित्रातल्या माणसासमोर बराच वेळ उभी राहायची. आई आत गेली की पेंटर हळूच विचारायचा, "खांदे ठीक आहेत ना गं?"

"अगदी बरोबर आहेत, बाबा." आणि त्याच्या रंगाळलेल्या बोटांवरून ती हात फिरवायची.

सतरावं चित्र झालं त्या रविवारी मुलगी म्हणाली, "आईला एकदा तिथं नेऊ या. त्या होडीच्या किनाऱ्यावर. डॉक्टरांनी हो म्हटलंय. आणखी वर्षभराने झेपेल की नाही कुणास ठाऊक."

पेंटरने गुडघ्याचं दुखणं पुढे केलं. मग उन्हाचं निमित्त काढलं. मग म्हणाला, गाडीत तिला मळमळतं.

"बाबा, खरं काय ते सांगा."

तो ब्रश धूत राहिला. "तिथं जाऊन तिने मला काही विचारलं तर? मी अडखळलो तर? आत्ता कसं, ती सांगते आणि मी काढतो. सुखात आहे बिचारी."

"तुम्ही नुसते सोबत असा. तेवढं पुरे."

ते पहाटे निघाले. सहा तासांची वाट. वाटेत पेंटरने मनाशी एक वाक्य घोटून ठेवलं, 'सगळं अगदी तसंच आहे गं.' दर मैलाला तो ते पुन्हा म्हणून बघत होता.

बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. मध्येच ती मुलीला म्हणाली, "आज रजा टाकलीस ना? साहेब कुरकुरला असेल."

मुलीने आरशातून पेंटरकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी आईला तिची नोकरी न सांगता आठवली होती.

गाडी झाडांच्या रांगेपाशी थांबली. पुढे वाळूचा चढ होता. बायकोने मुलीचा हात धरला, पेंटर चपला हातात घेऊन दोघींच्या पुढे चढला आणि माथ्यावर पोचताच जागीच खिळला.

घोटलेलं वाक्य ओठांवर येईना. डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागलं ते त्याला कळलंही नाही. तो आवाज, तो खारा वारा, समोरचं ते न संपणारं पाणी. चपला हातातून गळून पडल्या.

मुलगी मागेच थांबली. बायको सावकाश पावलं टाकत त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने त्याचा हात हातात घेतला. पदराने त्याचे डोळे पुसले.

"बघा निवांत, घाई नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्याचं असंच होतं. माझे पहिले यजमानसुद्धा इथं असेच थिजून उभे राहिले होते."